घरी चार फुटी मत्स्यालय उभारताना: मासे सर्वांत शेवटी

चार फूट लांबीचे मत्स्यालय दिवाणखान्यात कोठे शोभेल, हे ठरवण्याआधी त्याच्या वजनाचा हिशेब कागदावर मांडावा. १२० सेंटीमीटर लांब, ४५ सेंटीमीटर रुंद आणि ५० सेंटीमीटर उंच अशा टाकीचे घनफळ २७० लिटर होते. तळाची वाळू, दगड आणि वर मोकळी ठेवायची जागा वजा केली, तर त्यात प्रत्यक्ष पाणी सुमारे २३० लिटर राहते, म्हणजे तेवढेच किलो. १२ मिलिमीटर जाडीच्या काचेचे वजन ६५ किलोच्या आसपास भरते, वाळूचे ४० किलो आणि लोखंडी स्टँडचे प्लायवुडसह तितकेच. एकूण पावणेचारशे किलोंचा हा भार जेमतेम सहा चौरस फूट जागेवर कायमचा उभा राहणार असतो.

राहत्या घरातील खोल्यांसाठी भारतीय मानक ८७५च्या दुसऱ्या भागात दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने २०० किलो, इतका भार गृहीत धरला आहे. हा आकडा संपूर्ण खोलीवर पसरलेल्या भाराचा असल्यामुळे चांगल्या आरसीसी इमारतीत चार फुटी टाकी ठेवणे सहसा अडचणीचे ठरत नाही. मात्र ती खोलीच्या मधोमध न ठेवता, खाली तुळई असलेल्या भिंतीलगत आणि शक्य असेल तर खांबाच्या जवळ ठेवावी. इमारत जुनी असेल, स्लॅबला गळती किंवा तडे असतील, अथवा वाड्यात किंवा चाळीत लाकडी तुळयांवरची जमीन असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला जागा दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये. ही टाकी पाचपन्नास लिटरच्या टाकीसारखी नंतर सरकवता येत नाही. जागा बदलायची म्हटली, तर सर्व पाणी उपसून आणि वाळू काढूनच बदलावी लागते.

खिडकीतून थेट ऊन येणारी जागा टाळावी, कारण उन्हामुळे शेवाळ वाढते आणि उन्हाळ्यात पाणी तापते. विजेच्या बोर्डाच्या थेट वरची किंवा खालची जागाही नको. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात उशिरा येते. दर आठवड्याला ६० ते ७० लिटर पाणी काढून तेवढेच भरायचे असते, त्यामुळे न्हाणीघरापासून किंवा गॅलरीपासून टाकीपर्यंत पाइप पोहोचतो का, हे आधीच पाहून घ्यावे.

टाकी आणि तिची बैठक

गावोगावचे मत्स्यालय विक्रेते काच कापून, सिलिकॉनने जोडून हव्या त्या मापाची टाकी बनवून देतात. ५० सेंटीमीटर उंचीला १० मिलिमीटर काच पुरते असे काही जण सांगतील. पहिल्याच मोठ्या टाकीसाठी मी १२ मिलिमीटरचाच आग्रह धरीन. वरच्या कडेला आतून काचेच्या पट्ट्या चिकटवून घ्याव्यात, म्हणजे पाण्याच्या दाबाने समोरची काच बाहेर फुगत नाही. सिलिकॉन बुरशीनाशक न मिसळलेले, मत्स्यालयासाठीचे असावे. ते वाळत असताना व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो आणि तो वास पूर्ण गेल्याखेरीज टाकीत पाणी भरू नये. जोडणीनंतर आठवडाभर थांबणे बरे. मग टाकी विक्रेत्याकडेच सपाट जागी काठोकाठ भरून २४ तास ठेवायला सांगावी आणि कोरड्या वर्तमानपत्राच्या कागदाने प्रत्येक सांधा टिपून पाहावा. कागदाला ओल लागली, तर टाकी घरी आणू नये.

स्टँड दीड इंची चौकोनी लोखंडी पाइपचा वेल्डिंग केलेला, रेड ऑक्साइड आणि वर तैलरंग दिलेला असावा. त्यावर १८ मिलिमीटरचे जलरोधक प्लायवुड आणि त्यावर सेंटीमीटरभर जाडीचा थर्माकोल अंथरावा. प्लायवुडवर राहिलेला वाळूचा एखादा खडाही टाकीच्या तळाला तडा घालू शकतो. थर्माकोल अशी बारीक उंचसखलता पोटात घेतो. नंतर गवंडी वापरतो ती पाणसळ घेऊन लांबी, रुंदी आणि दोन्ही कर्ण तपासावेत. फरक आढळला, तर स्टँडच्या पायांखाली लोखंडी पत्र्याचे तुकडे सारून तो काढावा. टाकी आणि थर्माकोल यांच्यामध्ये मात्र कधीही काही सारू नये. टाकी थोडी भरल्यावर पाण्याची रेषा स्वतःच पाणसळीचे काम करते. दोन टोकांना वरच्या कडेपासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे आणि त्यात ३-४ मिलिमीटरहून अधिक फरक असेल, तर पाणी काढून बैठक पुन्हा करावी.

वाळू, दगड, लाकूड

तळाला पाच सेंटीमीटर थर पुरतो. बांधकामावरची बारीक खडी स्वस्त मिळते, पण तिच्या धारदार कडांनी तळाशी चरणाऱ्या माशांच्या मिशा झिजतात. त्यामुळे गोल दाण्याची, दोन-तीन मिलिमीटरची वाळू दुकानातूनच घ्यावी. नदीच्या पात्रातून स्वतः उचलून आणू नये. घमेल्यात थोडी थोडी वाळू घेऊन, हाताने ढवळत, वरचे पाणी गढूळ यायचे थांबेपर्यंत धुवावी. ४० किलो वाळू धुवायला अर्धा दिवस जातो आणि त्यात कसर केली, तर पुढचा आठवडाभर टाकीतील पाणी ताकासारखे दिसते.

दगड निवडताना त्यावर व्हिनेगरचे किंवा लिंबाच्या रसाचे काही थेंब टाकावेत. फेस आला, तर त्यात चुना आहे आणि तो दगड पाण्याची कठीणता वाढवत राहणार. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट या बाबतीत निर्धोक असतो. दगड रचायचे असतील, तर वाळू टाकण्याआधी तळाच्या काचेवर थर्माकोलचा तुकडा ठेवून त्यावर रचावेत. वाळूवर ठेवलेला दगड खालची वाळू सरकली की कलतो. लाकूड आठवडा-दोन आठवडे पाण्यात बुडवून ठेवले, की तरंगणे थांबते. त्यातून चहासारखा रंग उतरतो, तो माशांना अपायकारक नाही. देशी बदामाची सुकून गळलेली पाने धुऊन टाकीत टाकली, तरी असाच रंग येतो आणि अनेक माशांना तो मानवतो.

फिल्टर आणि वीज

२३० लिटर पाणी तासाला चार ते पाच वेळा फिरावे, म्हणजे ताशी हजार ते बाराशे लिटर क्षमतेचा फिल्टर लागतो. नवख्या माणसाने टाकीखाली कपाटात बसणारा कॅनिस्टर फिल्टर घ्यावा. सम्प, म्हणजे टाकीखाली ठेवलेली फिल्टरची दुसरी टाकी, उत्तम असतो, पण वीज गेल्यावर वरचे पाणी पाइपमधून खाली उतरते आणि सम्पमध्ये तेवढी मोकळी जागा ठेवण्याचा हिशेब चुकला, तर ते घरभर पसरते. तो दुसऱ्या टाकीच्या वेळी करावा.

कॅनिस्टरच्या जोडीला हवेच्या पंपावर चालणारा एक मोठा स्पंज फिल्टर मी आवर्जून सुचवतो आणि तो पंप इन्व्हर्टरवर किंवा बॅटरीवर चालेल अशी सोय करावी. भारनियमनाच्या किंवा वादळाच्या रात्री कॅनिस्टर बंद पडला, तरी पाण्यात प्राणवायू मिसळत राहतो आणि स्पंजमधील, माशांची घाण पचवणारे जीवाणू जगतात. वीज पाच-सहा तास गेलेली असेल, तर कॅनिस्टर तसाच सुरू करू नये. त्यात कोंडलेले पाणी प्राणवायूविना खराब झालेले असते; ते आधी ओतून द्यावे.

सर्व वायरी सॉकेटच्या पातळीखाली एक झोल देऊन मग वर न्याव्यात, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी झोलाच्या तळाशी ठिबकते, सॉकेटमध्ये शिरत नाही. अर्थिंग खरोखर जोडलेले आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे आणि त्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्यावा. पाण्यात हात घालण्याआधी हीटर आणि पंप बंद करण्याची सवय घरातल्या प्रत्येकाला लावावी.

हीटर लागतो की नाही, हे गावावर अवलंबून आहे. मुंबई, कोकण आणि गोव्यात तो बहुधा लागत नाही. पुणे, नाशिक किंवा विदर्भातील हिवाळ्यात रात्री पाणी वीस अंशांच्या खाली उतरू शकते, तेथे २०० ते ३०० वॅटचा हीटर २५ अंशांवर लावून ठेवावा. नागपूर-चंद्रपूरकडच्या उन्हाळ्यात प्रश्न उलटा होतो. पाणी तापले, की त्यात प्राणवायू कमी मावतो. अशा वेळी पाण्याच्या पृष्ठभागावर वारा येईल असा लहान पंखा लावला, तर बाष्पीभवनाने ते दोन-तीन अंशांनी उतरते. दिवे टायमरवर रोज आठ तास पुरेत.

पाणी कोठले

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो आणि तो माशांच्या कल्ल्यांना जाळतो, शिवाय फिल्टरमधील जीवाणूंनाही मारतो. सोडियम थायोसल्फेट, म्हणजे बाजारातील हायपो, तो तत्काळ निष्प्रभ करतो. अँटिक्लोरीन म्हणून मिळणाऱ्या बाटलीवरील मात्रा पाळावी. सोसायटीच्या टाक्या धुतल्यानंतर ब्लीचिंग पावडरचा अंश दोन दिवस राहू शकतो. त्या सूचनेचा कागद लिफ्टमध्ये लागला, की पाणी बदलण्याचा दिवस पुढे ढकलावा. टँकरचे पाणी दर वेळी वेगळ्या विहिरीचे असू शकते, म्हणून ते तपासल्याशिवाय टाकीत घालू नये.

मुंबईला भातसा, तानसा, वैतरणा यांसारख्या तलावांचे पाणी येते आणि ते मृदू असते. अशा पाण्यात आम्लता रोखून धरणारे क्षार कमी असल्यामुळे काही महिन्यांत पीएच घसरतो. शिंपल्यांचा चुरा स्वच्छ धुऊन, मूठभर, कापडी पिशवीत बांधून फिल्टरमध्ये ठेवला, की घसरण थांबते. पठारावरच्या बोअरवेलचे पाणी याउलट बहुधा कठीण असते. त्यात साठवलेले पावसाचे किंवा आरओचे पाणी मिसळावे. नुसते आरओचे पाणी मात्र वापरू नये, कारण त्यात क्षार जवळजवळ उरलेलेच नसतात. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर अनेकांच्या घरी असतो आणि त्याचा आकडा चांगला आला, की पाणी चांगले असे मानले जाते. त्या मीटरला अमोनिया ओळखता येत नाही. जे मासे मारते, तेच तो दाखवत नाही.

पाणी पिकवणे

या लेखातील बाकी सर्व गोष्टींत थोडे इकडेतिकडे झाले, तरी चालेल. येथे चालणार नाही. माझ्या पहिल्या मत्स्यालयात मी टाकी भरली त्याच संध्याकाळी बारा मासे आणून सोडले. पाणी स्फटिकासारखे स्वच्छ होते. पाचव्या दिवशी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले, त्यांचे कल्ले लालभडक झाले होते. दुकानदाराने दिलेले निळे औषध मी टाकले आणि नऊ दिवसांत बाराही मासे गेले. त्यांना रोग झालेलाच नव्हता. त्यांच्याच विष्ठेतून आणि कल्ल्यांतून सुटलेला अमोनिया पचवणारे कोणी त्या टाकीत अजून जन्माला आलेले नव्हते.

अमोनियाचे नायट्राइट करणारे आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे असे जीवाणूंचे दोन वर्ग असतात. ते पाण्यात तरंगत नाहीत. स्पंज, सिरॅमिकचे तुकडे, वाळू यांच्या पृष्ठभागावर चिकटून वाढतात आणि त्यांना पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विषारी आहेत, नायट्रेट त्यामानाने पुष्कळ सौम्य. म्हणून मासे आणण्यापूर्वीच या जीवाणूंना खाद्य देऊन वाढवायचे असते.

हे खाद्य म्हणजे नवसागर, रसायनाच्या भाषेत अमोनियम क्लोराइड. कल्हईवाले वापरतात तोच हा पदार्थ, पण बाजारातील खड्यांत काय मिसळलेले असेल याची खात्री नसते, म्हणून प्रयोगशाळेचे सामान विकणाऱ्या दुकानातून शुद्ध पूड घ्यावी. २३० लिटरला दीड ग्रॅम पूड पाण्यात विरघळवून टाकली, की अमोनियाचे प्रमाण लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या जवळ येते. फिल्टर अहोरात्र सुरू ठेवावा, पाणी २६ ते २८ अंश असावे, अँटिक्लोरीन आधीच टाकलेले असावे.

आता द्रवरूप चाचणी संच लागेल. कागदी पट्ट्यांवर मी विसंबत नाही. परीक्षानळीत खुणेपर्यंत टाकीचे पाणी घ्यावे, सांगितलेले थेंब मोजून टाकावेत, बूच लावून हलवावे आणि पाच मिनिटांनी नळी पांढऱ्या कागदाला टेकवून दिवसाच्या उजेडात रंग जुळवावा. बहुतेक संचांत अमोनिया नसेल तर पाणी पिवळे राहते आणि असेल तर हिरवे होत जाते. नायट्राइटची नळी निरभ्र आकाशासारखी निळी असते, ती वाईट दिवसांत जांभळी होते. पहिला आठवडा-दहा दिवस हिरवा रंग हलतच नाही आणि बहुतेकांचा धीर येथेच सुटतो. मग एका सकाळी तो फिका दिसतो आणि त्याच दिवशी नायट्राइटची नळी जांभळट होते. पहिला वर्ग कामाला लागला. अमोनिया शून्याजवळ आला, की अर्धी मात्रा पुन्हा द्यावी आणि असे करत राहावे. जांभळा रंग दोन-तीन आठवडे टिकू शकतो, आणि जातो तेव्हा एक-दोन दिवसांतच जातो.

पूर्ण मात्रा टाकल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, तर पाणी पिकले असे समजावे. साठलेला नायट्रेट घालवण्यासाठी निम्म्याहून अधिक पाणी बदलावे आणि मगच मासे आणावेत. ओळखीच्या कोणाकडे निरोगी, जुने मत्स्यालय असेल, तर त्यांच्या फिल्टरमधील स्पंजचा तुकडा ओला ठेवून आणावा आणि आपल्या फिल्टरमध्ये ठेवावा. हा काळ निम्म्यावर येतो. त्यांच्या टाकीतील पाणी आणून मात्र उपयोग होत नाही.

वाट पाहण्याच्या या आठवड्यांतच झाडे लावून घ्यावीत. अनुबियास आणि जावा फर्न लाकडाला दोऱ्याने बांधावेत, त्यांचे आडवे खोड वाळूत पुरले तर कुजते. मागच्या बाजूला व्हॅलिस्नेरिया वाळूत लावावी. मनी प्लांटची मुळे पाण्यात आणि पाने बाहेर अशी सोय केली, तर ते नायट्रेट भराभर शोषते.

मासे

थंड हवेच्या गावात रोझी बार्ब दहा, जायंट डॅनिओ आठ आणि तळाला ब्राँझ कोरिडोरास सहा, असा मेळ या टाकीत चांगला जमतो. पहिले दोन्ही मासे मूळचे भारतीय उपखंडातले, चपळ आणि काटक आहेत. मुंबई-कोकणासारख्या उबदार ठिकाणी एंजलफिश पाच आणि दुकानात विडो म्हणून मिळणारे टेट्रा दहा-बारा घ्यावेत. एंजलच्या उभ्या परांना ५० सेंटीमीटर उंची लागतेच. हे दोन गट एकत्र करू नयेत, बार्ब एंजलचे पर कुरतडतात.

सह्याद्रीवरील प्रेमापोटी काही जण मिस केरळ किंवा झेब्रा लोच मागतात. मिस केरळच्या प्रजातीला तर २०१३मध्ये सह्याद्रिया असे नवे नावच मिळाले. पण हे दोन्ही मासे आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत संकटग्रस्त आहेत आणि नैसर्गिक ओढ्यांतून पकडले जाण्याचा त्यांच्यावर मोठा ताण आहे. ते मासे ओढ्यांतच राहू द्यावेत. काच साफ करतो म्हणून विकला जाणारा सकर मासाही घेऊ नये. तो फूटभराहून मोठा होतो, टाकीत मावेनासा झाला की लोक तलावात सोडतात आणि तेथे तो स्थानिक माशांच्या मुळावर येतो. मत्स्यालयातील कोणताही जीव, झाडसुद्धा, नदीत किंवा विहिरीत सोडू नये.

सर्व मासे एका दिवशी आणू नयेत. आधी डॅनिओ किंवा टेट्रा आणावेत, दोन आठवडे रोज अमोनिया तपासावा, मग पुढची खेप. दर खेप आधी चाळीसेक लिटरच्या प्लास्टिक टबमध्ये स्पंज फिल्टर लावून दोन-तीन आठवडे वेगळी ठेवावी. अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके दिसले, तर उपचार तेथेच करता येतात आणि मोठी टाकी वाचते. सोडताना पिशवी वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवावी, दर पाच मिनिटांनी कपभर टाकीचे पाणी तिच्यात घालावे आणि शेवटी मासे जाळीने उचलून टाकीत सोडावेत. पिशवीतील पाणी टाकीत ओतू नये.

दर आठवड्याला

पंचवीस ते तीस टक्के पाणी सायफनने, तळाच्या वाळूत नळी खुपसून, काढावे. १६ लिटरच्या चार बादल्या होतात. कुंड्यांना ते पाणी फार मानवते. नवे पाणी अँटिक्लोरीन टाकून, हाताला आधीच्या इतकेच कोमट किंवा गार लागते ना हे पाहून, हळूहळू भरावे. फिल्टरमधील स्पंज महिन्या-दोन महिन्यांनी काढलेल्या पाण्याच्या बादलीतच पिळून घ्यावा. नळाखाली धरला, तर दीड महिना वाढवलेले जीवाणू मिनिटभरात मरतात. उन्हाळ्यात पाणी आटते ते भरत राहावे, पण भरणे म्हणजे बदलणे नव्हे, कारण क्षार आणि नायट्रेट मागेच उरतात.

खाद्य दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे आणि आठवड्यातून एक दिवस अजिबात देऊ नये. गणपतीला गावी जायचे असेल, तर पाच-सहा दिवस निरोगी, मोठे मासे उपाशी राहू शकतात. त्याहून जास्त दिवस असतील, तर शेजाऱ्यांच्या हाती खाद्याचा डबा देऊ नये, ते मायेने चमचाभर टाकतात. एकेका दिवसाचे चिमूटभर खाद्य कागदाच्या पुडीत बांधावे, पुडीवर वार लिहावा, दोन पुड्यांमध्ये एक दिवस मोकळा सोडावा आणि डबा कुलपात ठेवून निघावे.